छत्रीमामाचे अडतीस सेकंद

आमचा मामा आयुष्यभर लोकांना हॉकी दाखवत आला आणि त्याने स्वतः मात्र एकही सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला नव्हता. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण सामना सुरू झाला की आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या टीव्हीचं चित्र जायचंच, आणि मामा हातात पाना घेऊन त्या घराच्या गच्चीवर चढायचा. खाली खिडकीत घरातलं एक माणूस उभं करायचं. वरून मामा ओरडणार, "दिसतंय का?" खालून उत्तर येणार, "काहीच नाही." मामा छत्री बोटभर सरकवणार. "आता दिसतंय का?" "आलं... थांब, गेलं." चित्र नीट आलं की खालचा माणूस गप्प व्हायचा, कारण तो सामना बघायला आत पळालेला असायचा, आणि मामा वर एकटाच. मग गल्लीतल्या आरडाओरड्यावरून त्याला स्कोअर कळायचा. गोल आपला झाला की त्यांचा, पेनल्टी कॉर्नर मिळाला की नुसताच चेंडू बाहेर गेला, हे तो डोळे मिटून सांगायचा.

डिशला आमच्याकडे सगळे छत्रीच म्हणतात, म्हणून हा छत्रीमामा. खरं नाव विजेच्या बिलावर आहे आणि तिथेही ते चुकीचं छापलंय. सख्खी भाचरं त्याला दोनच, दादा आणि मी, पण अख्खी गल्ली त्याला मामा म्हणते. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले निवृत्त कंपाउंडरसुद्धा.

स्वभाव उफराटा. काही बिनसलं की माणसं रडतात, हा शिव्या देतो. आणि काही चांगलं झालं की रडतो. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा हा जिन्यात बसून इतका रडला की शेजारच्या काकू माझी समजूत काढायला आल्या आणि पेढ्याऐवजी "पुन्हा बस गं परीक्षेला" असा धीर देऊन गेल्या. उलट त्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. दोन दिवस नुसती तोंडाची तोफ चालू होती. तेव्हापासून आई सांगायची, धाकट्याचं तोंड चालतंय ना, म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि डोळे पुसतोय ना, म्हणजे काळजीचं कारण नाही.

हल्ली हॉकी बघायची म्हणजे आधी अभ्यास करावा लागतो. एकाच संघाचे बाहेरगावचे सामने एका चॅनेलवर, घरच्या मैदानावरचे दुसऱ्यावर, आणि मधूनच वेळ बदलते ती कुणी सांगत नाही. म्हणून दर हंगामाच्या आधी मामा तक्ता करायचा. आडवा कागद, पट्टीने मारलेल्या रेघा, एका चॅनेलला निळा रंग, दुसऱ्याला लाल. एक प्रत सलूनच्या आरशाच्या कोपऱ्यात, एक लाँड्रीच्या दारावर, एक आमच्या फ्रिजवर. मामाच्या तक्त्यात लाल म्हणजे लाल, त्यावर गल्लीत वाद नाही. आणि संघ कुठला, तर दादाचा.

दादा त्या संघाचा दुसरा गोलकीपर. दुसरा म्हणजे बाकावरचा. हेल्मेट मांडीवर ठेवून दोन वर्षं तो तिथे बसला होता. लहानपणी मामानेच त्याच्या नडग्यांना सोफ्याच्या उशा बांधून गच्चीवर उभं केलं होतं आणि दोन छत्र्यांच्या खांबांमध्ये गोल ठरवला होता. त्या उशा आईने अजून मामाला माफ केलेल्या नाहीत.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. सव्वीस वर्षं तिने कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्यावर ती हॉकी बघायला लागली, म्हणजे खरं तर बाक बघायला लागली. डावीकडून चौथा. कॅमेरा बाकावरून फिरला की ती म्हणायची, "थांबव." मी चित्र थांबवायचे. ती दादाकडे बघायची, "जेवत नाहीये नीट," म्हणायची आणि मग पुढचं चालू करू द्यायची. बाकी सामन्यात कोण कुणाला हरवतंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

आमच्या घरी छत्री नाही. चार वर्षांपूर्वी दक्षिणेला सात मजली इमारत उठली आणि आमच्या छत्रीपुढचं आभाळच गेलं. मामा तीन दिवस गच्चीवर झटला, बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी हात टेकले. मग दादा संघात गेला तेव्हा त्याने स्वतःच्या नावावर अ‍ॅप घेतलं, इंटरनेट बसवून दिलं आणि आमच्या टीव्हीवर ते चालू झालं. गल्लीत इंटरनेटवर हॉकी बघणारं घर आमचं एकटंच. बाहेरगावचे सामने त्याच्यावर थेट दिसायचे, पण घरच्या मैदानावरचे दुसऱ्या दिवशी. मामाला वाटलं, असेल कंपनीची तशी पद्धत. त्याने आमच्या फ्रिजवरच्या तक्त्यात तिसरा रंग काढला, हिरवा. हिरवा म्हणजे उद्या बघा. दोन वर्षं आम्ही उद्या बघितलं. बाकावर बसलेला मुलगा आज बघितला काय आणि उद्या बघितला काय. त्यामुळे असं का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तो रविवार हिरवा होता. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, सहा आठवडे जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. साडेअकराला मी तिचे केस विंचरत होते तेव्हा दादाचा मेसेज आला. "पहिल्याचा गुडघा गेला. आज मी उभा राहतोय. चार वाजता. आईला सांग, पण घाबरवू नकोस."

मी वाचून दाखवलं. आईने माझ्या हातातला कंगवा काढून घेतला आणि उगाचच त्याचे दात मोजल्यासारखी बघत बसली. आदल्याच आठवड्यात पेपरात आलं होतं की संघ बाहेरून एक नवा गोलकीपर आणतोय, पुढच्या सामन्यापासून. म्हणजे दादाला मिळाला तर हा एकच दिवस होता. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मामाला बोलाव," आई म्हणाली.

"आई, आज हिरवा आहे. उद्या दिसेल."

"उद्या नको. उद्या तो घरी झोपलेला असेल. तो तिथे उभा असेल ना, तेव्हा मला त्याच्याबरोबर बसायचंय. नंतर नाही."

आईने टीव्हीकडून आजवर काही मागितलं नव्हतं. मी मामाला फोन लावला.

मामा साडेबाराला आला. पिशवी, पाना, चिकटपट्टी, गळ्यात वायरचं वेटोळं. त्याला काही विचारायचं नसतं, तो सरळ टीव्हीच्या मागे शिरतो. टीव्ही आमचा खिडकीला लागून आहे, कारण वायर तिथूनच आत येते. आईच्या पलंगावरून बघितलं की डावीकडे टीव्ही आणि उजवीकडे खिडकीतून समोरच्या सलूनचं दार. गल्ली इतकी अरुंद की न्हावी वस्तऱ्याला धार लावतो तेही ऐकू येतं.

अ‍ॅप उघडलं तर पडद्यावर वाक्य होतं, "हा सामना तुमच्या भागात थेट उपलब्ध नाही."

"वायर ढिली झालीय," मामा म्हणाला.

"मामा, भाग म्हणतायत. वायर नाही म्हणत."

"तू औषधं विक. मी तीस वर्षं हेच करतोय."

मी औषधांच्या दुकानात काम करते, हे तो भांडणातच आठवतो. त्याने वायर बदलली. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. मग गच्चीवर जाऊन जुनी गंजकी छत्री बांबूला बांधून उंच धरून बघितली. सात मजले काही वाकले नाहीत. वरून तो ओरडला, "दिसतंय का?" मी खिडकीतून ओरडले, "नाही." पुन्हा, "आता?" "नाही, मामा, खाली ये." त्याच्या तोंडाची तोफ सुरू झालेली मला दोन मजले खाली ऐकू येत होती. आई पलंगावरून ऐकत होती आणि घड्याळाकडे बघत होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी एक गाणं, मग तेच गाणं, मग कुठलं तरी बटण दाबायची विनंती आणि पुन्हा गाणं. पावणेतीनला एक मुलगी आली. गोड आवाजात तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. खात्यावर पत्ता दादाच्या शहराचा आहे. संघ ज्या शहराचा, त्या शहरात घरच्या सामन्यांचा हक्क चॅनेलचा, म्हणून त्या पत्त्यांवर अ‍ॅप एक दिवस उशिरा दाखवतं. तुमच्या गावच्या पत्त्यावर खातं असतं तर सगळे सामने थेट दिसले असते.

"मग पत्ता बदला," मी म्हटलं.

"बदलते ना. खातेदाराच्या मोबाइलवर आकडा जाईल, तो मला सांगा."

खातेदार म्हणजे दादा. आणि सामन्याआधी दोन तास खेळाडूंचे मोबाइल मॅनेजरच्या पिशवीत जातात. मी तरीही फोन लावला. वाजून वाजून बंद पडला.

मामाने ते सगळं ऐकलं. तो फ्रिजपाशी जाऊन तक्त्यापुढे उभा राहिला. हिरवे चौकोन त्याने एकेक करून मोजले असावेत. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि पहिल्यांदाच तोंडात शिवीही नव्हती.

"दोन वर्षं मी हिरवा रंग भरतोय ताई," तो म्हणाला. "अख्ख्या गल्लीला चित्र आणून दिलं. तुझ्या घरात मी नुसता रंग भरत बसलो. एक फोन केला असता तर..."

"अजून तास आहे," आई म्हणाली. "दोन शिव्या घाल आणि कामाला लाग."

नवं खातं उघडायचं ठरलं, आईच्या नावावर, आमच्या पत्त्यावर. त्यांना पत्त्याच्या कागदाचा फोटो हवा होता. विजेचं बिल सापडलं. मामाने ते खिडकीत धरलं, मी फोटो काढला. "फोटो अस्पष्ट आहे." पुन्हा काढला. पुन्हा अस्पष्ट. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की माझा हात स्थिर आहे, थरथरतोय तो मामाचा. गच्चीच्या कठड्यावर एका पायावर उभा राहणारा माणूस, आणि एक कागद त्याला धरवत नव्हता. मी बिल त्याच्याकडून घेऊन जमिनीवर ठेवलं, चार कोपऱ्यांवर पाना, पक्कड, औषधाची बाटली आणि कंगवा ठेवला आणि फोटो काढला. तो गेला. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर आलं, "पडताळणी सुरू आहे," आणि एक चक्र फिरायला लागलं.

ते चक्र मी आयुष्यात विसरणार नाही. साडेतीन. पावणेचार. आई चष्मा पुसायची, घालायची, पुन्हा पुसायची. मामा येरझाऱ्या घालत होता आणि प्रत्येक फेरीत टीव्हीला एकेक नवीन शिवी बहाल करत होता. चारला समोरच्या सलूनमधून एकदम गलका झाला. सामना सुरू झाला होता. तिकडे तो उभा होता आणि इकडे चक्र फिरत होतं. आई डोळे मिटून पडून राहिली. मी तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार.

चार वाजून सहा मिनिटांनी चित्र आलं.

हिरवं मैदान, धावणारी माणसं आणि टोकाला गोलमध्ये पॅड बांधलेला, हेल्मेट घातलेला एक धिप्पाड आकार. चेहरा काही दिसत नव्हता. त्याने स्टिकने डाव्या खांबाला दोनदा टकटक केलं. गच्चीवर छत्रीच्या खांबाला तो तसंच करायचा.

"तोच," आई म्हणाली. मग तिने मामाकडे बघितलं. "हे आत्ताचं आहे ना?"

"अगदी आत्ताचं, ताई," मामा म्हणाला.

त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच सलूनमधून आरोळी उठली. अशी आरोळी फक्त आपला गोल झाल्यावरच उठते, हे मामाला कोण शिकवणार? आमच्या टीव्हीवर मात्र चेंडू अजून मैदानाच्या मधोमध होता. एक माणूस शांतपणे तो दुसऱ्याकडे ढकलत होता. मामाने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. चेंडू पुढे सरकला, कुणीतरी पडलं, कुणीतरी मारला आणि गोल झाला. मामाने पुन्हा घड्याळ बघितलं, मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"अडतीस सेकंद," तो कुजबुजला. "छत्रीचं चित्र सरळ वरून येतं. हे इंटरनेटचं गावभर हिंडून येतं. मागे आहोत आपण अडतीस सेकंद."

"कमी होत नाही?"

त्याने अ‍ॅप दोनदा बंद करून उघडलं. अडतीसच्या खाली काही येईना.

"मग सांगून टाकू तिला."

"नाही," मामा म्हणाला. "मी आत्ताचं म्हणालोय. आता ते आत्ताचंच राहिलं पाहिजे." आणि तो चपला न घालता जिना उतरला.

मी घरातले दोन्ही मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवले. दादाचे मित्र, माझ्या दुकानातले, सगळे छत्रीवर बघणारे, कुणाचाही मेसेज आधी येऊ शकला असता. मग खिडकीपाशी गेले. समोर मामा सलूनच्या दारात उभा राहून हलक्या आवाजात बोलत होता, पण त्याचा हलका आवाज म्हणजे बाकीच्यांचा मोठा.

"ओरडायचं नाही. गोल होऊ दे, भूकंप होऊ दे, तोंडातून आवाज नको. वर ताई बघतेय, तिचं चित्र मागे आहे."

"मामा, आत बारा माणसं आहेत," सलूनवाला म्हणाला. "त्यांच्या तोंडात मी फेस भरू का?"

"भर. नाहीतर छत्री मी लावलीय, मीच उतरवतो. लाँड्रीवाल्या बाईंना आणि वरच्या कंपाउंडरनापण सांगतो. ओरडायचंच असलं तर मनात अडतीस मोजा आणि मग ओरडा."

आत कुणीतरी हसलं. मग काचेचा दरवाजा लोटला गेला, फक्त मामाच्या अंगाएवढी फट राहिली.

मी परत आले तेव्हा आईने मान वळवून विचारलं, "कुठे गेला हा?"

"सलूनमध्ये. दाढी करायला."

"आत्ता?"

मी तिची चादर सारखी केली. खोटं बोलण्यात आमच्या घराला गती नाही.

त्यानंतरचा तास कसा गेला ते मला सलग सांगता येणार नाही. एक-एक बरोबरी झाली. दादाच्या दोन पायांच्या मधून चेंडू गेला तेव्हा आईच्या तोंडून नुसताच श्वास निघाला. त्याच्या आधी अर्धं मिनिट सलूनमधून एक गिळलेला "अरे" ऐकू आला होता आणि आईची नजर क्षणभर खिडकीकडे जाऊन आली होती. मग आपण एक-दोन मागे. मग ओळीने तीन पेनल्टी कॉर्नर, तिन्ही दादाने अडवले, एक छातीवर, एक स्टिकने आणि एक कसा ते त्यालाच ठाऊक. प्रत्येक वेळी तो पडला की आईची मूठ चादरीत घट्ट व्हायची. पायाखालची उशी सरकली होती, दुखत असणार, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. संपायला चार मिनिटं असताना आपला गोल झाला. दोन-दोन. गल्ली मसणासारखी शांत. मी मनात मोजत होते, आणि बरोबर अडतीसला, टीव्हीवर गोल होत असतानाच, समोरून आरोळी आली. मामाने बारा माणसांना मोजायला लावलं होतं.

बरोबरी सुटेना, म्हणून शूटआउट. हॉकीचं शूटआउट म्हणजे एक जण लांबच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलकीपर, आणि आठ सेकंदांत काय ते करायचं. पाच त्यांचे, पाच आपले. आठ सेकंद, आणि आम्ही अडतीस सेकंद मागे. म्हणजे आम्ही एक बघायला सुरुवात करायच्या आधी तिकडे तो होऊन गेलेला असायचा.

मामा फटीत उभा होता, पाठ आमच्याकडे, तोंड आत. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात पाना नव्हता आणि समोर टीव्ही होता. मला भीती वाटली ती त्या पाठीची. ती पाठ काही लपवू शकत नाही. आपला पहिला गोल झाला तेव्हा ती ताठ झाली. त्यांचा झाला तेव्हा खांद्यापासून हात वर गेला आणि शिवी बाहेर पडू नये म्हणून तोंड दाबून धरलं गेलं. मी खिडकीचा पडदा ओढायला उठले.

"राहू दे," आई म्हणाली. "वारा येतोय."

वारा कुठला. पण मी बसले.

आपण पाचपैकी तीन मारले. त्यांचे चार जण मारून झाले होते, दादाने त्यांतले दोन अडवले होते. उरला त्यांचा एक. हा गेला तर पुन्हा बरोबरी आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. अडवला तर जिंकलो. आमच्या टीव्हीवर दादा हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होता. रेषेवर अजून कुणी आलंही नव्हतं. मी पडद्यावरून नजर काढली नाही. 

"अडवला," आई म्हणाली.

मला वाटलं तिला भ्रम झाला. "आई, अजून तो निघालासुद्धा नाही."

"अडवला त्याने. बघ की."

ती टीव्हीकडे बघतच नव्हती. ती खिडकीतून बघत होती. समोर सलूनच्या पायरीवर मामा खाली बसला होता. आतून एक हात आला होता, सलूनवाल्याचा, आणि तो मामाचा खांदा दाबत होता. मामाने तोंडावर टॉवेल धरला होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. आवाज मात्र कुणाचा नाही. अख्खी गल्ली मोजत होती.

"धाकटा रडतोय," आई म्हणाली. "गेला असता तर त्याचं तोंड चाललं असतं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच गोलला. सव्वीस वर्षं मी काय केलं गं? समुद्रापलीकडची लाइन जोडली की आवाज मागून यायचा. मागून आलेलं मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तो आत्ताचं म्हणाला ना. मला आत्ताचंच बघायचं होतं. मग मी धाकट्याकडेच बघत बसले."

टीव्हीवर शिट्टी वाजली. तो माणूस चेंडू घेऊन निघाला, दादा गोल सोडून पुढे आला, डावीकडे झुकला, फसला असं वाटलं, आणि पडता पडता त्याचा उजवा पाय मागे गेला. चेंडू पॅडला लागून बाहेर. त्याच क्षणी गल्ली फुटली. लाँड्रीवाल्या बाई, सलूनमधली बारा माणसं, वरचे कंपाउंडर, सगळ्यांनी एकदम तोंड सोडलं. आई आता टीव्हीकडे बघत होती, दादाच्या अंगावर सगळा संघ पडला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

मामा वर आला. अनवाणी, डोळे सुजलेले, खांद्यावर सलूनचा टॉवेल. दारातच उभा राहिला. आत यायला त्याला धीर होत नव्हता.

"दिसलं का ताई?" त्याने विचारलं.

"दिसलं," आई म्हणाली. "अगदी आत्ताचं."

मामाने मान हलवली. त्याला पटलं की नाही, कुणास ठाऊक. तो पिशवी आवरायला लागला, पक्कड, वायर, चिकटपट्टी.

"आणि तुला?" आईने विचारलं. "दिसला का तुला, शेवटचा?"

मामा जमिनीवरचा पाना उचलता उचलता थांबला.

"तो निघाला आणि मी डोळे मिटले," तो म्हणाला. "सवयीने. म्हटलं आवाजावरून कळेल. आणि आवाज तर मीच बंद करून ठेवलेला. त्या न्हाव्याने खांदा दाबला तेव्हा कळलं."

आईने दोन्ही हातांनी आपला दुखरा पाय उचलून भिंतीकडे सरकवला आणि पलंगावर जागा केली.

"ठेव तो पाना," ती म्हणाली. "बस इथे."

मामा बसला. मी रिमोट घेतला आणि चित्र मागे नेलं, त्या शेवटच्या शिट्टीच्या अडतीस सेकंद आधीपर्यंत.